टीडीएस शून्य, वस्ती लाखांची

सोलापुरात पाण्याविषयी दोन प्रश्न सतत कानावर पडतात. ‘पाणी कधी सुटणार?’ आणि ‘टीडीएस किती?’ पहिला प्रश्न जुना. उजनी धरण शंभर टक्के भरलं तरी नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, हे इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलं आहे. दुसरा प्रश्न घरोघरी आरओ आणि गल्लोगल्ली पाण्याचे जार आल्यापासूनचा. विक्रेता पेनाएवढं मीटर पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो आणि आकडा लहान दिसला की गिऱ्हाईक निश्चिंत होतं.

ते मीटर मोजतं एवढंच, की पाण्यातून वीज किती सहज वाहते. पाण्यात क्षार विरघळलेले असले की वीज वाहते, क्षार काढून घेतले की अडते. त्या अडण्यावरून मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज, म्हणजेच टीडीएस, सांगतं. जंतू त्याच्या हिशोबातच नाहीत. एका थेंबात हजारो जंतू पोहत असले तरी काट्यावरचा आकडा हलणार नाही. शुद्ध पाणी आणि निर्जंतुक पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक सगळ्यात महागात पडतो तो औषधांच्या कारखान्यात.

पुणे महामार्गावर, मोहोळ तालुक्याच्या हद्दीत चिंचोळी एमआयडीसी आहे. औषधांचा कच्चा माल, म्हणजे गोळीतला गुणकारी घटक बनवणारे कारखाने तिथं आहेत. औषधांच्या कारखान्यात पाणी हासुद्धा कच्चा मालच असतो. शेवटच्या टप्प्यात पदार्थ धुवायला, यंत्रं खंगाळायला, आणि पातळ औषध असेल तर थेट बाटलीत भरायला तेच पाणी लागतं. अमेरिकी औषधकोशानुसार अशा शुद्ध पाण्याची विद्युतवाहकता २५ अंश तापमानाला दर सेंटिमीटरला १.३ मायक्रोसीमेन्सपेक्षा जास्त चालत नाही. आपल्याकडच्या कातळातल्या बोअरचं पाणी हजाराच्या पुढे गेलं तरी कुणाला नवल वाटत नाही. सेंद्रिय कार्बन अब्जात ५०० भागांपर्यंतच. आणि जंतू? एका मिलिलिटरमागे, पोषक माध्यमाच्या प्लेटवर उगवणाऱ्या १०० वसाहतींची मर्यादा. पहिल्या दोन अटी चांगला प्लांट महिनोन्‌महिने पाळतो. झोप उडवते ती तिसरी. वसाहतींचा ‘काउंट आला’ एवढे दोन शब्द जंतू तपासणाऱ्या मायक्रो लॅबमधून आले, की सगळा कारखाना कामाला लागतो.

राखणदार काढून घेतल्यावर

पाण्याचा कारखान्यातला प्रवास पाहिला की हे असं का, ते कळतं. बोअरचं, टँकरचं किंवा लाइनचं पाणी आधी क्लोरीन घालून टाकीत घेतात. वाळूच्या गाळणीतून गाळतात. मग सॉफ्टनर, त्यातले रेझिनचे मणी पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. पुढे आरओ. त्याचा पडदा पॉलिअमाइडचा असतो आणि क्लोरीन त्याला खाऊन टाकतं. म्हणून आरओच्या आधी कोळशाच्या गाळणीनं किंवा सोडियम मेटाबायसल्फाइट घालून क्लोरीन काढावंच लागतं.

पाण्याचा राखणदार इथं रजा घेतो. यापुढे पाणी जितकं शुद्ध होत जातं तितकं ते निराधार होतं. कोळशाच्या कणांना असंख्य बारीक भोकं असतात, त्यांत सेंद्रिय पदार्थ अडकलेला असतो, आणि क्लोरीनचा प्रभाव वरच्या थरातच संपलेला असतो. जंतूंना याहून चांगलं पाळणाघर कुठलं? आरओचा पडदा जंतूंना अडवतो हे खरं, पण त्याच्या कडांचे रबरी सील कुठंतरी किंचित गळतात, आणि एकदा पलीकडे पोचलेला जंतू तिथं वाढतो. पुढचा अतिनील दिवा २५४ नॅनोमीटरच्या किरणांनी समोरून जाणाऱ्या जंतूचा डीएनए मोडतो. दिव्यापलीकडे पाइपाला चिकटून बसलेल्याला तो काहीच करू शकत नाही. शेवटी पाणी साठवणटाकीत आणि तिथून लूपमध्ये जातं. लूप म्हणजे टाकीतून निघून सगळ्या विभागांना वळसा घालून पुन्हा टाकीत येणारी स्टेनलेस स्टीलची नळी. वाटेत जागोजागी पाणी घ्यायचे व्हॉल्व्ह असतात, त्यांना यूज पॉइंट म्हणतात.

इतक्या कोऱ्या पाण्यात जंतू खातात तरी काय? एक साधा हिशोब मांडू. अब्जात ५०० भाग कार्बन म्हणजे एका मिलिलिटरमध्ये अर्धा मायक्रोग्रॅम. एका जंतूच्या शरीरात साधारण एका ग्रॅमचा दहा लाख कोटीवा भाग कार्बन असतो. भागाकार केला तर एका मिलिलिटरमध्ये ५० लाख जंतूंच्या अंगाला पुरेल एवढा कार्बन निघतो. तो सगळा त्यांना पचणारा नसतो. शंभरातला एक भाग पचला असं धरलं तरी ५० हजार होतात, आणि मर्यादा आहे १००. म्हणजे रसायनाच्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास झालेलं पाणीही जंतूंच्या दृष्टीनं उपाशी ठेवणारं नसतं. १९७१ साली अमेरिकी संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की रुग्णालयांतून आणलेल्या डिस्टिल्ड पाण्यात स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जंतू नुसता तगत नाही, झपाट्यानं वाढतो.

पाण्यात कमी, भिंतीवर जास्त

हे जंतू पाण्यात पोहत बसत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत क्लॉड झोबेल समुद्राच्या पाण्याच्या बाटल्यांवर काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की बाटलीतल्या पाण्यापेक्षा काचेच्या आतल्या बाजूवर जंतू जास्त असतात. आणि पाण्यात अन्न जितकं विरळ, तितका हा काठाचा आधार जास्त कामी येतो. १९४३ साली त्यांनी हे मांडलं. कारण सरळ आहे. पाण्यातले सेंद्रिय कण काठावर चिकटून साठत जातात. वाहत्या पाण्यात अन्नामागे धावण्यापेक्षा काठावर बसून येईल ते पकडणं परवडतं. पुढे कॅनडातल्या कॅलगरीचे बिल कॉस्टर्टन यांनी १९७८ साली लिहिलेल्या लेखानं या चिकटून राहण्याकडे जगाचं लक्ष वेधलं. या थराला आज बायोफिल्म म्हणतात.

बायोफिल्म सगळ्यांनी पाहिलेली असते. चार दिवस भरून ठेवलेलं पिंप रिकामं झालं की आतल्या बाजूवरून बोट फिरवावं. लागतं ते बुळबुळीत म्हणजे तीच. सकाळी दातांवरून जीभ फिरवल्यावर लागतं तेही तेच. हॉलंडच्या लेव्हेनहूकनं १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा असाच थर भिंगाखाली धरून त्यातले वळवळणारे जीव पाहिले होते.

पाइपात हा थर ठरल्या क्रमानं वाढतो. नव्या नळीतून पाणी सोडलं की काही मिनिटांत सेंद्रिय रेणूंचा अतिपातळ लेप धातूवर बसतो. मग एखादा जंतू येऊन टेकतो. या टप्प्यावर तो सुटूनही जाऊ शकतो. टिकला, की तो आपल्याभोवती डिंकासारखा पदार्थ सोडू लागतो. त्यात साखरेच्या लांबलचक साखळ्या, प्रथिनं आणि मेलेल्या भाईबंदांचा डीएनएसुद्धा असतो. आता तो नुसत्या पाण्याच्या झोतानं निघत नाही. त्याची प्रजा वाढते, दुसऱ्या जातींचे जंतू येऊन राहतात, आणि ते रासायनिक खुणांनी एकमेकांची गर्दी ओळखतात. गर्दी पुरेशी झाली की काहीजण थर सोडून पाण्यात उतरतात आणि पुढच्या कोपऱ्यावर नवं बिऱ्हाड करतात.

डिंकाच्या आत राहणाऱ्यांना मारणं फार अवघड असतं. क्लोरीन किंवा ओझोन वरच्या थराशी झुंजण्यातच खर्च होतं. तळाशी बसलेले जंतू जवळजवळ झोपलेले असतात, आणि झोपलेल्याला विष उशिरा बाधतं. प्रतिजैविकांच्या बाबतीत तर थरातला जंतू मोकळ्या जंतूपेक्षा हजारपटीपर्यंत जास्त मात्रा सोसतो, असं आढळलं आहे.

आता एक भूमितीचा मुद्दा. आतून ४० मिलिमीटर व्यासाच्या नळीत प्रत्येक मिलिलिटर पाण्याच्या वाट्याला एक चौरस सेंटिमीटर भिंत येते. नळी जितकी बारीक, तितकी वाट्याची भिंत जास्त. घरगुती आरओच्या नळीचा आतला व्यास चार मिलिमीटर धरला, तर एका मिलिलिटरला दहा चौरस सेंटिमीटर भिंत. एका चौरस सेंटिमीटरवर लाखो जंतूंची वस्ती सहज मावते. अशा भिंतीशेजारून गेलेल्या पाण्याचं सॅम्पल घेतलं आणि पाच-दहा वसाहती निघाल्या, तर पाणी पास होतं. त्या पाच-दहा म्हणजे वस्तीतून नुकतेच बाहेर पडलेले वाटसरू असतात. वस्तीबद्दल अहवाल गप्प. म्हणूनच आज शून्य, उद्या शून्य, परवा अचानक ३०० असे आकडे येतात. थराचा एक तुकडा सुटला, एवढाच त्याचा अर्थ.

त्यातही आकडा कळतो उशिरा. हे जंतू उपासाला सरावलेले असल्यामुळे नेहमीच्या भरपूर पोषक माध्यमावर नीट उगवत नाहीत. १९८५ साली अमेरिकेतल्या रीझनर आणि गेल्ड्राइश यांनी मुद्दाम कमी पोषण असलेलं आर-टू-ए नावाचं माध्यम पुढे आणलं. त्याची प्लेट पाच दिवस ठेवावी लागते. सोमवारच्या पाण्याचा निकाल शनिवारी, आणि तोवर ते पाणी मालात जाऊन पोचलेलं असतं.

कांद्यातून औषधात

पाण्याच्या लूपमध्ये सापडणारे बहुतेक जंतू धडधाकट माणसाला काही करत नाहीत. पण त्यांतल्या एकाची कुंडली सोलापूरकरांनी ऐकावी अशी आहे. १९५० साली न्यूयॉर्क राज्यातले वनस्पतिरोगतज्ज्ञ वॉल्टर बर्कहोल्डर यांनी कांदा सडवणाऱ्या एका जंतूचं वर्णन केलं. पाती आणि पाकळ्यांतून शिरून कांद्याला आंबट वासाची सड लावणारा हा जंतू. आज तो बर्कहोल्डेरिया सेपेशिया नावानं ओळखला जातो. सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याची गोणी पारखणाऱ्याला अशी सड नवी नाही. पण तिच्या कर्त्याचं दुसरं आवडतं ठिकाण औषध कारखान्याचं शुद्ध पाणी आहे, हे क्वचितच कुणाला ठाऊक असेल.

जंतुनाशकांना हा जंतू दाद देत नाही. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे औषधांत टिकाऊपणासाठी घालतात ते रसायन. ते घातलेल्या क्षारांच्या द्रावणात हा चौदा वर्षं जिवंत राहिल्याची नोंद १९७९ साली प्रसिद्ध झाली. २०१६ साली अमेरिकेत बद्धकोष्ठावरच्या एका पातळ औषधातून रुग्णालयांत त्याची साथ आली. अतिदक्षता विभागातले, श्वासनळीत नळी घातलेले रुग्ण आजारी पडले. माग काढत गेल्यावर हा जंतू फ्लोरिडातल्या त्या कारखान्याच्या पाण्यातही सापडला. त्यानंतर तिथल्या औषधकोशानं २०१९ पासून या जंतुगटासाठी स्वतंत्र चाचणी लागू केली.

जंतू मेला म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. शंभर वर्षांपूर्वी शिरेतून इंजेक्शन दिल्यावर रुग्णांना थंडी वाजून ताप भरायचा आणि कारण कळत नसे. पाणी डिस्टिल्ड, उकळलेलं, तरी ताप. १९२३ साली येल विद्यापीठात फ्लॉरेन्स सीबर्ट यांनी दाखवलं, की ताप आणणारा पदार्थ पाण्यात वाढलेल्या जंतूंकडून येतो आणि जंतू मेल्यावरही मागे राहतो. त्याला आज एंडोटॉक्सिन म्हणतात. उकळून तो जात नाही. काचसामान त्यापासून मुक्त करायचं तर २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवावं लागतं.

हे समजून घेणं डायलिसिसच्या रुग्णाच्या घरच्यांसाठीही गरजेचं आहे. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये सुमारे १२० लिटर द्रव रुग्णाच्या रक्ताच्या शेजारून, मधे एक पातळ पडदा ठेवून वाहतो. त्यासाठीचं पाणीही आरओचंच असतं. म्हणून तिथंही मिलिलिटरला १०० वसाहती आणि ०.२५ एकक एंडोटॉक्सिन अशी मर्यादा घातलेली आहे.

थांबलं की बिघडलं

मग उपाय काय? पहिला उपाय म्हणजे पाणी थांबू न देणं. लूपमधलं पाणी सेकंदाला एक ते दोन मीटर वेगानं चोवीस तास फिरत ठेवतात. सुट्टीच्या दिवशीही पंप बंद करायचा नसतो. वेगानं थर उपटून निघत नाही, कारण भिंतीला लागून पाण्याचा एक पातळ पदर संथच राहतो. पण वेगामुळे थराची जाडी आवरते आणि जंतुनाशक सगळीकडे सारखं पोचतं. भारनियमनानं किंवा बिघाडानं पंप चार-सहा तास बंद पडला, की प्लांटचा जाणता माणूस सॅनिटायझेशन, म्हणजे जंतू मारणारी सफाई, केल्याशिवाय पाणी वापरायला देत नाही.

दुसरा उपाय आडबाजू राहू न देणं. मुख्य नळीला टी मारून फांदी काढली आणि तिचा व्हॉल्व्ह बंद ठेवला, की त्या फांदीत पाणी साचून राहतं. कारखान्यात याला डेडलेग म्हणतात. फांदीची लांबी तिच्या व्यासाच्या सहापटीपेक्षा जास्त नसावी, असा जुना नियम. आता तीनपट, शक्य तिथं दोनपटच ठेवतात. नळ्यांना उतार द्यायचा, म्हणजे रिकाम्या केल्यावर कुठं डबकं उरत नाही. जोड आतून गुळगुळीत हवा, कारण खरखरीत वेल्डिंगच्या खाचेत थराला आसरा मिळतो.

तिसरा उपाय उष्णता. रसायन थराच्या वरच्या पदरात अडकतं, उष्णता आरपार जाते. म्हणून लूप ठरावीक काळानं ८० अंशांपर्यंत तापवतात, किंवा कायमच ६५ अंशांच्या वर ठेवतात. ज्यांना ते परवडत नाही ते ओझोन वापरतात आणि वापरण्याआधी अतिनील दिव्यानं तो नाहीसा करतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा मुद्दा आणखी कळीचा होतो. बाहेर पारा ४२-४३ अंशांवर असताना न तापवलेला, न गार केलेला लूप जंतूंना उबवणी यंत्राइतकाच सोयीचा.

या सगळ्यात एक शिस्त दडलेली आहे: थर दिसायची वाट पाहायची नाही. काउंट वाढल्यावर सॅनिटायझेशन करणारा प्लांट नेहमीच उशिरा असतो. काउंट शून्य असतानाच ठरल्या तारखेला ते करायचं, कारण तरुण थर निघतो, मुरलेला निघत नाही.

घरच्या नळापर्यंत

शहराच्या नळाला औषधकोशाचे निकष लावायचं कारण नाही. पिण्याच्या पाण्यात थोडे निरुपद्रवी जंतू असणं गैर नाही, आणि नळाशी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असलं की राखणदार जागा आहे असं समजायचं. पण थांबलेल्या पाण्याचा नियम इथंही तोच. उजनीचं पाणी सुमारे ११० किलोमीटर जलवाहिनीतून पाकणीच्या शुद्धीकरण केंद्रात येतं, आणि तिथून शहरात आल्यावर गल्लीतल्या नळ्या दिवसचे दिवस रिकाम्या, पण ओल्या राहतात. थर त्या ओलीत टिकतो, आणि दाब नसल्यामुळे फटींमधून बाहेरचं पाणी आत झिरपतं. शेजारच्या कर्नाटकातल्या हुबळी-धारवाडमध्ये अखंड आणि खंडित पुरवठ्याची तुलना करणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. खंडित पुरवठ्याच्या नळांत मैल्याची खूण सांगणारे जंतू जास्त वेळा सापडले, आणि तिथल्याच पुढच्या अभ्यासात पाणी सुटल्यावरचा पहिला लोंढा विशेष गढूळ निघाला. पाणी आल्यावर सुरुवातीचं घागरभर झाडांना घालायचं आणि मग पिंप भरायचं, ही कित्येक घरांतली रीत म्हणूनच शास्त्राला धरून आहे. पिंप नुसतं विसळून किंवा त्यात औषधाचे थेंब टाकून भागत नाही. आतून घासणीनं घासावं लागतं, कारण थर घासल्याशिवाय सुटत नाही.

घरचा आरओ तर राखणदार काढून घेणारंच यंत्र आहे. त्याच्या कोळशात क्लोरीन संपतं, आणि आतल्या छोट्या टाकीत पाणी निराधार उभं राहतं. आठवडाभर गावाला जाऊन आलात, तर ती टाकी दोनदा भरून ओतून द्यावी. फिल्टरची काडतुसं बदलण्याची तारीख पाण्याची चव बिघडेपर्यंत लांबवू नये. जारचंही तेच. बाटलीबंद पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १४५४३ मध्ये, २५० मिलिलिटरमध्ये स्यूडोमोनास एरुजिनोसा अजिबात नसावा अशी अट आहे. नळीतल्या थरात हमखास राहणारा हा जंतू आहे, म्हणून त्याचं नाव घेऊन अट घातलेली आहे.

तेव्हा जारवाल्याला, आरओची सर्व्हिस करायला येणाऱ्याला किंवा डायलिसिस केंद्रातल्या तंत्रज्ञाला टीडीएस जरूर विचारावा. क्षारांपुरतं त्याचं उत्तर खरं असतं. पण त्याच्यापाठोपाठ आणखी दोन प्रश्न विचारावेत. टाकी आणि नळ्यांचं सॅनिटायझेशन शेवटचं कधी झालं, आणि पुढचं कोणत्या तारखेला आहे? पहिल्याचं उत्तर तारखेसकट मिळालं आणि दुसऱ्याची तारीख आधीच ठरलेली असली, तर तिथं पाण्याची राखण करणारं कुणीतरी आहे. ‘टीडीएस अगदी कमी आहे, काही काळजी करू नका’ असं उत्तर आलं, तर काळजी करावी.